प्रतिकूल काही नाही

पोलीस ठाण्याची पायरी आपण जन्मात कधी चढलो नाही, हे ज्याला सिद्ध करायचं असेल त्यानं आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी, अशी आपल्याकडे सोय आहे. मी बी.कॉम. झालो आणि बँकेत कारकून लागलो, हे दोन अपराध सोडले तर पंचेचाळीस वर्षांत माझ्या हातून तिसरा घडलेला नाही. सिग्नल पिवळा झाला की मी थांबतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो. लोकलचा पास मुदत संपायच्या दोन दिवस आधी काढतो. अशा माणसाकडे बघून कुणीही म्हणेल, की याला कसला दाखला मागायचा? पण अमेरिकेच्या सरकारनं मागितला. नुसता माझा नाही; हिचा मागितला आणि आमच्या सतरा वर्षांच्या मुलीचाही मागितला. सोळाच्या पुढच्या प्रत्येकाला तो लागतो म्हणे. सोळाव्या वर्षी गाढवीसुद्धा सुंदर दिसते असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेला ती संशयित दिसते.

त्याचं असं झालं, की हिचा थोरला भाऊ न्यू जर्सीला असतो. २००६ साली तो तिकडचा नागरिक झाला आणि नव्या नागरिकत्वाच्या भरात त्यानं बहिणीच्या नावानं कायमच्या वास्तव्याचा अर्ज टाकला. भावाबहिणींसाठी अमेरिका साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा ठेवते, आणि एकूण व्हिसांत कुठल्याही एका देशाच्या पदरात सात टक्क्यांहून जास्त पडू द्यायचे नाहीत असा तिथला कायदा आहे. भाऊबहिणींच्या बाबतीत आपला देश किती संपन्न आहे हे तुम्ही जाणताच. त्यामुळे २००६ च्या अर्जांची पाळी आत्ता कुठे आली. अर्ज आमच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. ती त्याला 'अर्जदादा' म्हणते. मधल्या काळात चिखलीत उसाच्या फडात बारा मजली इमारती उगवल्या, मेव्हण्याच्या डोक्यावरचं पीक गेलं आणि अमेरिकेला जायची आमची हौसही निम्मी ओसरली. पण मुलगी एकविसाची झाली की आमच्या अर्जातून तिचं नाव गळू शकतं. मग आईबाप तिकडे आणि पोरगी इकडे! म्हणून 'जायचं की नाही ते मागाहून बघू, आधी कागद तरी गोळा करू' असं घरात ठरलं. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यातले सगळे मोठे निर्णय याच पद्धतीनं घेतो.

अमेरिकेचा अर्ज भरताना मात्र मला करमणूक झाली. तुम्ही वंशसंहारात भाग घेतला आहे का? कुणाचा छळ करण्याचा हुकूम दिला आहे का? हेरगिरी करण्याचा विचार आहे का? तिकडे जाऊन एकाहून अधिक बायका करणार आहात का? या शेवटच्या प्रश्नाला हिनं माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच 'नाही'वर टिचकी मारली. हे प्रश्न कितीही अचाट असले तरी त्यांत एक सभ्यपणा आहे. ते मला विचारलेले आहेत. उत्तर मी द्यायचं आहे आणि खोटं दिलं तर मी मरायचं आहे. चाळीस-पन्नास प्रश्नांत मला एकदाही कुणी म्हटलं नाही, की 'थांबा, वरच्या मजल्यावरच्यांना विचारून येतो.'

ते पुढे आलं. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट.

इथे एक खुलासा करतो. माझं भांडण दिरंगाईशी नाही. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसानं दिरंगाईवर बोलू नये. आणि खरं सांगायचं तर आता पूर्वीइतका त्रासही नाही. दाखला देतं ते पासपोर्ट कार्यालय. अर्ज घरून भरायचा, माणशी ५०० रुपये, दिलेल्या वेळेला जायचं. सप्टेंबर २०२२ पासून तर पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात. पत्ता जुना असेल किंवा शंका असेल तर कागद पोलिसांकडे पडताळणीला जातो. आमच्या पासपोर्टवर निगडीच्या यमुनानगरचा पत्ता होता, राहायला आम्ही चिखलीत, म्हणजे गेलाच.

आता चिखली हा पत्ता सरळ नाही. एक चिखली बुलढाण्याला आहे, आणि ती आमच्याहून अधिक प्रसिद्ध असल्यामुळे संगणकाला आधी तीच आठवते. आमची चिखली हवेली तालुक्यातलं गाव होती. १९९७ साली ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं निराळं पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हा पुण्याच्या पोलिसांकडून ती नव्या पोलिसांकडे गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुन्या वाड्यातले आजोबा आहेत. ते जन्मात तिथून हललेले नाहीत. पण ग्रामपंचायत हलली, महापालिका आली, हद्द बदलली. 'कुठे कुठे राहिलात?' या रकान्यात त्यांनी काय लिहावं? मुक्काम एक, पण सरकारं तीन.

असो. एके दिवशी फोन आला, की कागद घेऊन येऊन जा आणि ओळखीचे दोन शेजारी सांगा. गेलो. ठाण्याचं नाव सांगत नाही, कारण तिथले हवालदार वागायला सज्जन होते आणि ही गोष्ट बाहेर फुटली तर त्यांना वरून विचारणा व्हायची.

"काही केस वगैरे?"

"नाही."

"कधी भांडण, मारामारी?"

"नाही हो."

"दारूबिरू?"

"पोट बिघडतं."

हवालदारांनी माझ्याकडे जरा निराशेनंच बघितलं. अशा गिऱ्हाइकावर धंदा चालायचा नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग शेजारी. आता आमच्या भागात शेजारी दाखवणं हे किती अवघड काम आहे हे बाहेरच्यांना कळणार नाही. इथली घरं शिफ्टवर चालतात. डावीकडचे गृहस्थ रात्रपाळी करून दिवसा झोपतात. त्यांची आणि माझी ओळख चपलांच्या स्टँडपुरती. समोरच्यांच्या दारावर कुलूप आणि आत कुत्रं. सकाळी अकरा वाजता अख्ख्या मजल्यावर जागे आणि रिकामे सापडतात ते फक्त आमच्या डोक्यावरचे काका. एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. आणि त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या बेडरूममध्ये उतरतं यावरून आमचा गेली तीन वर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेत वाद चाललेला!

"माणूस कसा आहे हो?" हवालदारांनी विचारलं.

काका बराच वेळ विचार करत होते. खाली माझं कुटुंब दाराशी उभं राहून ऐकत होतं.

"तसा त्रास नाही," काका म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण बारीकसारीक गोष्टींवरनं बोलतो."

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्यावरनं."

एका बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर तीन माणसांचं देशांतर टांगलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काका भले माणूस, म्हणून सही केली. 'तसा त्रास नाही' ही मराठी माणसानं शेजाऱ्याला द्यायची सर्वोच्च पदवी आहे हेही मी जाणतो. पण मला सांगा, काकांना माझ्याविषयी काय ठाऊक? माझ्या कचऱ्याच्या डब्याचा रंग, गाडी लावायची जागा आणि माझं खोकणं. मी बँकेत दिवसभर काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. कुणी मोठा भामटा पकडला गेला की वर्तमानपत्रवाले त्याच्या शेजाऱ्यांकडे जातात, आणि शेजारी न चुकता एकच सांगतात: 'फार शांत होते हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं काही करतील वाटलं नव्हतं.' शेजाऱ्याची साक्ष ती एवढी! चोराला ती नेहमी उत्तम मिळते, कारण चोर पाण्यावरनं भांडत नाही.

बरं, कागद तरी खरं सांगतो का? बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षात आम्हांला एक गोष्ट घोकून घेतली होती. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर आहे असं समजू नका. एखादा व्यवहार वहीत लिहिलाच नाही, तर दोन्ही बाजू झकास जुळतात. तिला म्हणतात एरर ऑफ ओमिशन, राहून गेलेल्या नोंदीची चूक. पोलीस क्लिअरन्स हा माणसाचा ट्रायल बॅलन्स आहे. जे वहीत आलं नाही ते नाहीच.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नव्हे. २०१७ च्या मे महिन्यात मेहुल चोक्सी या हिरे व्यापाऱ्यानं वेस्ट इंडीजकडच्या अँटिग्वा आणि बार्बुडा या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. नोव्हेंबरात ते मिळालं. जानेवारी २०१८ मध्ये गृहस्थ इथून गेले, आणि फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचं तेरा हजार कोटींच्या वरचं प्रकरण फुटलं, ज्यात ते आरोपी आहेत. इकडे बोंब झाल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये अँटिग्वाच्या अधिकाऱ्यांनी खुलासा केला, की आम्हांला कशाला दोष देता? अर्जाला मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स जोडलेलं होतं. त्यात प्रतिकूल काही नव्हतं. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्यांना बेल्जियममध्ये अटक झाली, ते सोडा. पण माझ्यासारख्या बँकवाल्याला यातली खरी गंमत निराळीच वाटते. त्या प्रकरणातली हमीपत्रं स्विफ्ट यंत्रणेवरून परदेशी गेली आणि बँकेच्या कोअर बँकिंगच्या वहीत त्यांची नोंदच झाली नव्हती. म्हणजे बँकेची वही जुळत होती आणि माणसाचीही वही जुळत होती. दाखला देताना कुणाची हयगय झाली का, या भानगडीत मी पडत नाही. हयगय झाली नाही असं धरलं, तर माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. नियमानं सगळं चोख करूनसुद्धा कागदावर येतं ते हेच: प्रतिकूल काही नाही. आणि माझ्यासाठी मात्र काकांचं पाणी!

आता दुसरं टोक बघा. त्यासाठी अँटिग्वाला जायला नको. चाकणपर्यंत पुरे, रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या तासात, आणि तो कधीच मोकळा नसतो. चाकणच्या कारखान्यांत लातूर-परभणीहून आलेलं पोरगं कंत्राटावर लागायचं झालं, की पुष्कळ कंपन्या गेटपास देण्याआधी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. हा दाखला निराळा, पोलिसांकडून घ्यायचा, जात तीच. ३० जुलै २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली, बसगाड्या पेटल्या, गुन्हे दाखल झाले. अशा दंग्यात कुणी दगड मारतो, कुणी पळत सुटतो आणि कुणी सायकलवर पाय टेकून नुसता बघत उभा राहतो. बघत राहिलेल्याचं नाव कागदावर आलं तर काय? खटल्याचा निकाल लागेपर्यंत 'प्रलंबित' हा शब्द दगड मारणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या कपाळावर सारख्याच शाईनं लिहिलेला असतो. कायद्याची पुस्तकं म्हणतात, की गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. गेटवरचा सुपरवायझर म्हणतो, 'दाखल्यावर शेरा आहे, दुसरा माणूस बघा.' त्यानं कायद्याचं पुस्तक वाचलेलं नाही आणि त्याचं दुपारच्या शिफ्टचं माणूस कमी आहे. 'प्रलंबित' म्हणजे 'दोषी', असा निकाल आपल्या देशात सर्वांत आधी गेटवर लागतो. तिथं अपील नाही.

आणि ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, पण पत्ताही नाही, त्याचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं आमच्या चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामं, वर्कशॉपं आणि पत्र्याच्या शेडी हजारोंनी जमीनदोस्त केल्या. मे महिन्यात चिखलीतलेच इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले गेले. पाडलं ते योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. बंगल्यांचा तर वरच्या कोर्टापर्यंत जाऊन आला होता. पण पत्र्याखाली राहणारा असो की स्लॅबखाली, पडताळणीला माणूस येणार तो पत्त्यावर. पत्त्यावर आहे जेसीबीच्या दातांची नक्षी. तिथं कुठला शेजारी उभा करायचा आणि त्यानं काय सांगायचं? 'माणूस बरा होता, भिंत पण बरी होती.' जो पोटासाठी सहा वर्षांत सहा खोल्या बदलतो, ज्याला घरमालक भाडेकराराचा कागद करून देत नाही, तो या दाखल्याच्या लेखी संशयास्पद. आणि बापजाद्यांच्या वाड्यात बसून सावकारी करणारा निर्मळ, कारण त्याला शेजारी आहेत आणि ते त्याचं देणं लागतात.

अशा दाखल्यांचा शोध इंग्रजांनी लावला असं कुणी म्हणालं, तर मी आमच्या गावाच्या बाजूनं हरकत घेईन. आमची चिखली देहू आणि आळंदीच्या मधोमध. याच आळंदीत चार भावंडांना सांगण्यात आलं, की पैठणला जा आणि शुद्धिपत्र घेऊन या, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. पोरांचा अपराध काय? तर बापानं संन्यास घेऊन पुन्हा संसार केला. पायी पैठणला गेली बिचारी. तिथंही म्हणे रेड्याच्या तोंडून वेद वदवावे लागले, तेव्हा कुठे कार्यालय हललं. आता रेडा चालत नाही. मूळ प्रत आणि स्वतः साक्षांकित केलेली झेरॉक्स लागते. इंग्रजांनी केलं ते एवढंच, की जे चार पोरांना होतं ते त्यांनी घाऊक केलं. १८७१ सालच्या कायद्यानं त्यांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती होत्या; हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. पण पारध्याच्या पोरानं आजही ठाण्यात जाऊन नाव सांगावं, आणि मी माझं सांगावं, आणि खुर्ची कुणाला मिळते ते बघावं. मला मिळाली. चहासुद्धा विचारला. माझं चारित्र्य तिथं पोचण्याआधी माझं आडनाव पोचलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, तुम्ही बँकवाले काय कमी? नोव्हेंबर आला की म्हाताऱ्या पेन्शनरांना जिवंत असल्याचा दाखला मागता. मागतो. पण त्यात माणूस समोर उभा असतो, आणि तो जिवंत आहे की नाही हे मी त्याच्याकडे बघून ठरवतो. त्याच्या वरच्या मजल्यावर फोन करत नाही. केवायसीचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कमी जोखमीच्या ग्राहकाचे कागद दहा वर्षांनी बघा, मध्यम जोखमीचे आठ, आणि जास्त जोखमीच्याचे दोन वर्षांनी. आता अमेरिकेच्या लेखी पोलीस दाखला चालतो दोन वर्षं. म्हणजे मी, ही आणि आमची बारावीतली पोरगी, तिघंही जास्त जोखमीत! कॅनडाचं तर त्याहून कडक. तुम्ही जिथं राहता तिथला दाखला अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतला हवा. १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिन्यांत शिळा होतो. चेकपेक्षा माणसाची सचोटी तीन महिने जास्त टिकते, एवढंच समाधान.

"मग काय, चोरांना सोडून द्यायचं का?" असं आमच्या शाखेतल्या एकानं मला विचारलं. अहो, कोण म्हणतं? ज्या देशात मला जाऊन राहायचं आहे त्यानं माझी चौकशी करू नये असं मी म्हणत नाही. मीही घरात भाडेकरू ठेवताना विचारतोच. पण नोंद बघायची असेल तर नोंद बघा. पोलिसांकडे संगणक आहे, माझं नाव, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे सरकारकडे आहेत. बटण दाबा आणि सांगा, की कोर्टानं या माणसाला दोषी ठरवलं आहे किंवा नाही. शिक्षा झालेला आणि खटला पडून असलेला यांना एका ओळीत बसवू नका. पत्ता सापडत नाही म्हणून माणूस वाईट ठरवू नका. आणि मुख्य म्हणजे या सगळ्याला 'चारित्र्य' म्हणू नका हो! चारित्र्य हा माझा आणि माझ्या बायकोचा प्रश्न आहे, आणि त्या बाबतीत तिची पडताळणी रोज चालू असते.

यात पासपोर्ट कार्यालयाचं मात्र मला कौतुक वाटलं. आमचे तिघांचे दाखले आले तेव्हा मी ते डेबिट-क्रेडिटच्या सवयीनं दोनदा वाचले. त्यात चारित्र्य हा शब्दच नाही. अमुक पासपोर्टधारकाविरुद्ध त्याला अमेरिकेच्या व्हिसासारख्या प्रवासाच्या सवलतींना अपात्र ठरवील अशी कुठलीही प्रतिकूल माहिती नाही, एवढंच. म्हणजे सरकार काय म्हणतं? की आम्हांला तुमचं काही वाईट ठाऊक नाही. तुम्ही चांगले आहात असं कुठे म्हणतंय! सरकारला आपल्या दाखल्याची किंमत बरोबर कळते. ती कळत नाही गेटवरच्या सुपरवायझरला, आणि आमच्या सोसायटीला.

कारण दाखले आल्याची बातमी जिन्यानं वर गेली, आणि त्याच संध्याकाळी काका खाली आले. पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांच्या धाकट्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलगा भोसरीला डिझायनर, पगार बरा, पण मुलीकडचे हल्ली फार चौकशा करतात.

"ते तुमचं पोलिसांचं सर्टिफिकेट," काका म्हणाले, "तसलं एक पोरासाठी काढता येईल का? बायोडेटाला जोडायला बरं. साक्षीला तुम्ही आहातच."

मी त्यांना आत बोलावलं, बेडरूममधल्या ओल्या भिंतीला पाठ लागणार नाही अशा बेतानं बसवलं आणि अर्ज उघडून दाखवला. त्यात कुठल्या देशाला जायचं ते आधी निवडावं लागतं. काकांनी चष्मा लावून 'अ'पासून 'झ'पर्यंतची सगळी यादी सावकाश बघितली. सासुरवाडी त्यात नव्हती.